गडाचा दरवाजा

२०१९ च्या सरस्वती पूजेच्या आदल्या दिवशी, ९ फेब्रुवारीला, मुलीला सांभाळायला आमच्याकडे येणाऱ्या आयाला मी दुधाची एक बाटली दिली. तिच्या मुलासाठी. बाटली उकळून, पुसून, कागदी पिशवीत घातली होती. सोबत संदेशचा पुडा होता. तिनं पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. माझ्या मुलीसाठी ती बाटली मी पाच महिन्यांपूर्वी नापास केली होती, आणि का केली ते मला मुद्देसूद सांगता आलं असतं.

आम्ही जादवपूरला, एट-बी बसस्टँडपासून चालत दहा मिनिटांवर राहत होतो. माझी नोकरी सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये. मुलगी जुलै २०१८ मधली. बाळंतपणाला आई मुंबईहून आली ती अळीव, डिंक, खारीक असा सगळा बाजार घेऊन, आणि जुन्या साडीच्या चिंधीत गुंडाळलेलं चांदीचं बोंडलं घेऊन. बारसं हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात झालं. आहेरात टोपडी, दुपटी, झबली आणि तीन बाटल्या आल्या.

त्या तीन बाटल्यांचा मी जो अभ्यास केला तो परीक्षेला बसल्यासारखा केला. आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे कुठली घ्यावी हे सांगणारं अधिकृत असं फारसं कुणी भेटत नाही. शेजारीण सांगते, दुकानदार सांगतो, नाहीतर परदेशी बायकांचे व्हिडिओ. मी बुडाच्या त्रिकोणातले आकडे वाचायला शिकले. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ७ म्हणजे 'इतर', त्यात बरं प्लॅस्टिकही येतं आणि पॉलिकार्बोनेटही. काचेसारखं पारदर्शक, कडक, टकटक वाजणारं ते पॉलिकार्बोनेट बिस्फेनॉल-ए पासून बनतं. बाटली तापवली, ब्रशनं घासून आतून ओरखडे पडले, की ते दुधात उतरू लागतं आणि शरीरात जाऊन संप्रेरकांची नक्कल करतं. युरोपनं २०११ मध्ये अशा बाटल्या बंद केल्या, अमेरिकेनं २०१२ मध्ये, आणि आपल्या मानक ब्यूरोनं २०१५ च्या सुधारित मानकात, आयएस १४६२५ मध्ये, बाटल्यांसाठी पॉलिकार्बोनेट चालणार नाही असं ठरवलं. तीनपैकी दोन बाटल्यांवर त्या मानकाचा शिक्का होता. तिसरीवर कुठलाच शिक्का नव्हता, कंपनीचा पत्ता नव्हता, बुडाला ७ होता आणि ती टकटक वाजत होती.

ती मी बाजूला ठेवली. फेकली नाही. आमच्या घरात चांगली दिसणारी वस्तू फेकत नाहीत, देतात.

उरलेल्या दोन पॉलिप्रॉपिलीनच्या रोज संध्याकाळी उकळत्या पाण्यात घालून मी समाधानानं बघत बसायची. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या संशोधकांनी दाखवलं की याच प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी घालून हलवलं तर एका लिटरमागे लाखोंनी, काही बाटल्यांत तर १ कोटी ६० लाखांपर्यंत, प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सुटतात. म्हणजे मी पास केलेली बाटलीही काही अगदी पहिल्या वर्गात पास नव्हती. दूध काचेत किंवा स्टीलमध्ये गरम करून, कोमट झाल्यावर बाटलीत ओतायचं, एवढा साधा उपाय होता. तो लेख वाचला त्या दिवशी मला मुलीची काळजी वाटायच्या आधी मासीला दिलेली बाटली आठवली. मग मी दुसरं काहीतरी वाचायला घेतलं.

मासी म्हणजे आया. वयानं ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, पण मुलीची ती मासी, म्हणून सगळ्यांचीच मासी. मला ती बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायची. घुटियारी शरीफच्या पुढच्या एका गावातून ती पहाटेची कॅनिंग लोकल धरून यायची. त्या गाडीला कोलकात्यात 'झी लोकल' म्हणतात. झी म्हणजे मोलकरीण. सकाळी आठ ते रात्री आठ अशी तिची ड्युटी, आया सेंटरमार्फत. माझ्या मुलीला झोपवताना ती बंगालातली ती जुनी अंगाई म्हणायची, ज्यात बर्गी देशात आल्याची भीती आहे. ते बर्गी म्हणजे आम्हीच मराठे, असं मी तिला एकदा सांगितलं. दोघी खूप हसलो होतो.

ती आली तेव्हा आई अजून इथेच होती. आईचं बोंडलं बघून मासी खुलली, म्हणाली, आमच्याकडे याला झिनुक-बाटी म्हणतात. शिंपल्याच्या आकाराचा चमचा आणि वाटी, श्रीमंतांकडे चांदीची, आमच्याकडे स्टीलची. दोघी एकमेकींची भाषा न येता अर्धा तास त्यावर बोलल्या. मी मात्र दोन्ही मोडीत काढलं. 'तोंडात दूध ओतायचं? ठसका लागला तर?' खरं तर पिळून काढलेलं दूध बाटलीऐवजी वाटीनं, पळीनं पाजा असंच डॉक्टर मंडळी सांगतात, कारण उघड्या भांड्याला कोपरे नसतात, बूच नसतं, निपलच्या आत साय साठत नाही. घासलं, उकळलं, की झालं. पण बाटली हा माझा विषय होता, आणि त्या विषयात आईनं किंवा आयानं मला काही शिकवावं हे मला सोसणारं नव्हतं.

जानेवारीत मी कामावर रुजू झाले. पंपाबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मनात मी त्या काळात जी हुतात्मा झाले होते ती पंपामुळेच.

आमच्या ऑफिसात दूध काढायला जागा म्हणजे सामानाची खोली. जुने मॉनिटर, पूजेच्या सजावटीचे थर्माकोल, आणि एक खुर्ची. पहिल्या आठवड्यात वीस-वीस मिनिटं बसूनही ४० मिली निघायचं. घरी मुलगी ओढायची तेव्हा दुसऱ्या बाजूनं धार लागायची, आणि इथे थेंब मोजावे लागत. गावाकडे म्हणतात, वासरू समोर नसलं की गाय पान्हा चोरते. मी तो वाक्प्रचार आयुष्यभर वापरला होता, तो शरीरात पहिल्यांदा कळला. दूध तयार असतं. ते सोडायला जे ऑक्सिटोसिन लागतं ते भीतीत, घाईत, दाराबाहेर पावलं वाजत असताना येत नाही. मी मुलीचं न धुतलेलं दुपटं पिशवीत घालून नेऊ लागले, पंप लावायच्या आधी नाकाशी धरू लागले. फरक पडला.

दुसरी चूक नरसाळ्याची होती. पंपाबरोबर आलेला फ्लँज २४ मिलीमीटरचा होता आणि मला २१ चा लागत होता. मोठ्या नरसाळ्यात स्तनाग्राबरोबर भोवतालची कातडीही ओढली जाते, दुखतं, आणि दूध कमी येतं. बायकांना वाटतं आपल्यालाच दूध नाही. तिसरी गोष्ट हातांची. स्टॅनफर्डच्या डॉ. जेन मॉर्टन यांनी अकाली जन्मलेल्या बाळांच्या आयांना पंपासोबत हातानं चोळायला, दाबायला शिकवलं, तेव्हा दिवसाचं दूध सरासरी ४८ टक्क्यांनी वाढलं. तो निष्कर्ष २००९ चा. मीही दाटलेल्या गाठींवरून बोटं फिरवायला शिकले, मोटर बंद झाल्यावर शेवटचे थेंब हातानं पिळायला शिकले. कारण मूळ हिशोब असा आहे की छाती जेवढी रिकामी होते तेवढी पुन्हा भरते. भरलेली राहिली तर शरीर समजतं, आता नको आहे. दर तीन तासांनी रिकामी करायची, एक वेळ चुकली तर दुसऱ्या दिवशी कळतं.

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी होती, नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त. मी ती मागितली नाही. मागायला लाज वाटली आणि न मागितल्याचा अभिमानही वाटला. दोन्ही एकाच वेळी.

आता मासीकडे येते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एकदा दुपारीच घरी आले. मुलगी भुकेनं रडत होती, मासी तिला खांद्यावर घेऊन बाटली कोमट होण्याची वाट बघत होती, आणि तिच्या ब्लाउजवर दोन्हीकडे ओले डाग होते. मी बघितलं. तिनं पदर ओढला. मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. मला स्वतःला महिनाभर तेच होत होतं, कुणाचंही मूल रडलं की. मी विचारलं, 'तुम्हाला लहान बाळ आहे?' ती म्हणाली, 'आमारटाओ सात मास, बौदी.' माझंही सातच महिन्यांचं.

त्यावर मी काय म्हणाले? 'अरे वा.'

आईला हे आधीपासून ठाऊक होतं. तिनं मुंबईला परत जायच्या आधी मला सांगितलंही होतं, की ही दुपारी बाथरूममध्ये दाटलेलं दूध पिळून टाकते, तुझा तो हातपंप नुसता पडलाय तो दे तिला, इथल्या फ्रिजमध्ये ठेवू दे, जाताना बर्फात घालून नेईल. मी म्हणाले, बघू. आई म्हणाली, नाहीतर बाळाला घेऊन ये म्हणावं, दोन्ही मुलं एकत्र खेळतील. मी म्हणाले, अगं तिची गावाकडची माणसं, इन्फेक्शनचं काय. आई गप्प बसली. ती गप्प बसते तेव्हा तिचं मत मोठ्यानं ऐकू येतं.

दर तीन तासांचा हिशोब मला पाठ होता. दोन सुट्ट्यांचा कायदा मला पाठ होता. तो कायदा घरकामाला येणाऱ्या बाईला लागत नव्हता. माझ्या घरात तिला तो लागू करायला कुणाची हरकत नव्हती, मालकीण मीच होते. तिच्या बारा तासांत तिचं दूध आटत होतं, आणि ते कसं आटतं हे त्या इमारतीत माझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

त्या ओल्या डागांच्या दुपारच्या दोन-अडीच महिने आधी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, दक्षिण कोलकात्यातल्या एका मॉलमध्ये बाळाला पाजायला जागा मागणाऱ्या आईला शौचालयात जायला सांगितल्यावरून मोठा गदारोळ झाला होता. मीही तावातावानं लिहिलं होतं. महाराष्ट्रात एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, तुमच्या एवढ्या मोठ्या शहरात नाही, असं माझ्या बंगाली मैत्रिणींना ऐकवलं होतं, आणि हिरकणीची गोष्ट सांगितली होती: रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण, कोजागिरीची रात्र, बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं मूल, आणि तो कडा उतरणं. सामानाच्या खोलीत थर्माकोलशेजारी बसून मी स्वतःला हिरकणीच समजत होते.

पण हिरकणी दूध विकायला गडावर गेली होती. तिचं दूध गडावरच्या लोकांसाठी होतं आणि तिचं मूल खाली होतं. आणि दरवाजा लावणारे, नियम तो नियम म्हणणारे, ते वरचे होते. मी आठला पोचायचं ते कधी साडेआठला पोचायचे, कधी पावणेनऊला. मासी चपला घालून दारात उभी असायची. बायपासला जाम होता, असं मी सांगायचे, आणि ते खरं असायचं.

फ्रीझरचंही सांगून टाकते. सुट्टीच्या महिन्यांत मला दूध भरपूर होतं, रात्री आणि पहाटे तर फार. मी चाळीसेक पिशव्या साठवल्या, तारीख, वेळ, मिली लिहून. जानेवारीत पहिली पिशवी वितळवली तर साबणासारखा वास. लायपेज नावाचं द्रव्य दुधातली चरबी फोडतं, काही बायकांच्या दुधात ते जास्त असतं. दूध खराब नसतं, पण मूल तोंड फिरवतं. गोठवण्याआधी कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवलं असतं तर टळलं असतं. मुलीनं एकही पिशवी घेतली नाही. मी त्या एकेक करून सिंकमध्ये ओतल्या आणि रडले. आपल्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ ला आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली, हे आई मला लहानपणापासून अभिमानानं सांगत आली होती. कोलकात्यात एसएसकेएम हॉस्पिटलात 'मधुर स्नेह' नावाची दूधपेढी २०१३ पासून होती. अशा पेढीत आईचं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास ठेवून जंतुमुक्त करतात आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या, आतड्यांच्या दुखण्याची भीती असलेल्या बाळांना देतात. नंदनला सिनेमा बघायला जाताना त्या हॉस्पिटलच्या भिंतीजवळून मी कितीदा गेले असेन. चाळीस पिशव्या भरेपर्यंतच्या काळात तिथे एक फोन करून विचारावं असं एकदाही मनात आलं नाही. माझं दूध म्हणजे माझ्या मुलीचं दूध, हे मी इतकं घट्ट धरून होते.

आता बाटली. ती मी का दिली? तोंडानं सांगायचं कारण असं होतं की बिचारीला मदत. खरं कारण असं की त्या ओल्या डागांनंतर तिच्याकडे बघताना मला अवघड वाटत होतं, आणि ते अवघड वाटणं कमीत कमी किमतीत मिटवायचं होतं. वेळ द्यायचा नव्हता, मूल घरी येऊ द्यायचं नव्हतं, हातपंपही द्यायचा नव्हता, कारण तो तिनं वापरला तर तिला रोज दोनदा बसायला जागा आणि वेळ द्यावा लागला असता. बाटली दिली की प्रश्न तिच्या घरी जात होता. तीन बाटल्यांपैकी चांगली दिली असती तरी मी इतकी वाईट ठरले नसते. पण चांगल्या दोन मुलीला लागत होत्या. पिशवीत घालण्यापूर्वी मी ती उलटी करून बुडाचा आकडा पुन्हा एकदा बघितला होता.

संकोचानं तिनं विचारलं होतं, 'यात फुटकं काही नाही ना?' मी म्हटलं, 'छे, नवी कोरी आहे.' एकही शब्द खोटा नव्हता.

एप्रिलचा तिसरा आठवडा. ऑफिसात दुपारी अडीचला १८० मिली दूध निघालं. त्या दिवशी बर्फाचा खडा मी ऑफिसच्या फ्रीझरमध्येच विसरले आणि घरी निघाल्यावर बायपासवर अडकले. पावणेनऊला पोचले तेव्हा पिशवी हाताला कोमट लागत होती. काढलेलं दूध पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. फ्रिजमध्ये, दारात नव्हे तर आतल्या कप्प्यात, चार दिवस. फ्रीझरमध्ये सहा महिने. कोलकात्याच्या एप्रिलमध्ये सव्वासहा तास, हा हिशोब करायला मला कॅल्क्युलेटर लागत नव्हता. मी वास घेतला. बरा वाटला. १८० मिली म्हणजे माझे केवढे कष्ट. लेबलवर मी दुपारी २.३० ऐवजी सायंकाळी ६.१५ लिहिलं आणि पिशवी फ्रिजमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी मासीनं लेबल बघून, सगळ्यात आधीची पिशवी आधी या माझ्याच नियमाप्रमाणे, तेच दूध मुलीला पाजलं. रात्री उलट्या आणि जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी ओआरएस आणि झिंक दिलं, अंगावर पाजणं चालू ठेवा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, 'दूध किती वेळ बाहेर होतं?' नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, 'मी तर ऑफिसात होते. घरी विचारावं लागेल.'

त्या दुधानंच झालं की नाही, हे कुणीच ठरवू शकलं नसतं. लेबल मात्र कुणी लिहिलं होतं ते ठरलेलं होतं. मुलगी तीन दिवसांत बरी झाली. मासीला नवऱ्यानं विचारलं, तिनं सांगितलं की फ्रिजमधून काढून लगेच दिलं, बौदीनं लिहिलेलं बघूनच दिलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मुलीचं डायपर बदलायला आत गेले.

त्या रात्री नवऱ्यानं आया सेंटरला फोन लावला. मी शेजारच्या खोलीत पंप लावून बसले होते. दार लोटलेलं होतं, मोटरची घरघर चालू होती, पण शब्द ऐकू येत होते: दुसरी बाई पाठवा, जरा स्वच्छतेचं बघणारी. उठावं, सांगावं, असं वाटलं. वीस मिनिटांचं सत्र मध्ये मोडलं तर दूध कमी होतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि बसून राहिले.

१४० मिली निघालं. लेबलवर मी तारीख आणि वेळ अगदी बरोबर लिहिली.